न आलेली दुसरी रेघ

मला एक वाईट खोड आहे. समोरचा माणूस चुकीचं बोलला की मला गप्प बसवत नाही. लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या रांगेत, कुठेही. बायको म्हणते, तुम्हाला सत्यनारायणाला बसवलं तर तुम्ही भटजींचे उच्चार सुधारत बसाल. तसं एकदा झालेलंही आहे, पण तो विषय वेगळा. मी लिहिलेलं मात्र ती वाचत नाही. एकतीस वर्षं ऐकते आहे तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं.

त्यात नोकरी अशी मिळाली की या खोडीला खतपाणीच मिळालं. मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चौतीस वर्षं तंत्रज्ञ होतो. रक्त, लघवी, थुंकी, घशातला नि नाकातला स्वॅब, जे जे हाताळायला लोकांना नको वाटतं ते सगळं मी हाताळलं. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी परळची खोली विकून आम्ही भाईंदर पश्चिमेला दीडशे फुटी रोडच्या बाजूला फ्लॅट घेतला. इथे सोसायटीत मी आजही ‘लॅबवाले काका’ आहे. कुणाची साखर वाढली, कुणाचं हिमोग्लोबिन घसरलं की माणसं रिपोर्ट घेऊन आमच्याकडे येतात आणि मी चष्मा लावून सुनावणी घेतो. डॉक्टरांनी सांगितलेलंच सांगतो, फक्त जास्त वेळ सांगतो.

नव्या मुलांना मी लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवायचो. रिपोर्टमध्ये ‘नाही’ असं कधी लिहायचं नाही, ‘आढळले नाही’ असं लिहायचं. जंतू नाही हे आपल्याला कधीच माहीत नसतं. आपण दिलेल्या नमुन्यात शोधलं आणि तो आपल्याला दिसला नाही, एवढंच आपण सांगू शकतो. नमुना चुकला तर पुढचं सगळं चुकलं, मग यंत्र कितीही महागडं असो. हे मी इतक्यांदा सांगितलं असेन की शेवटी शेवटी मुलं माझ्याआधीच वाक्य पुरं करायची.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे झालं ते.

त्याआधीच्या डिसेंबरात बायकोच्या स्तनात गाठ निघाली. तपासणी, ऑपरेशन, आणि मग किमो. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा. मे महिन्यात तिच्या तीन झाल्या होत्या आणि चौथीची तारीख पंधरा दिवसांवर होती. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच दोन गोष्टी बजावल्या होत्या. तारखा चुकवायच्या नाहीत, कारण औषधाला त्या अंतरानेच काम करता येतं. आणि किमोनंतर पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा ताप आला तर घरी गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, उठून यायचं. पांढऱ्या पेशी म्हणजे काय हे मला सांगायची गरज नव्हती. उभा जन्म मी त्या मोजत आलो होतो. पण दुसऱ्याच्या मोजणं वेगळं आणि आपल्या माणसाच्या रिपोर्टवरचा आकडा बघणं वेगळं. तो कागद हातात आला की मी आधी खिडकीशी जाऊन उभा राहायचो.

किमोने घरातलं एकेक काम तिच्या हातातून काढून घेतलं. पोळ्यांना बाई आली, भांड्यांना बाई आली, मशीन मी लावू लागलो. एकतीस वर्षांत जिने दुसऱ्या बाईला आपल्या कणकेला हात लावू दिला नव्हता, ती बाहेरच्या खोलीत बसून स्वयंपाकघरातले आवाज ऐकायची. केस गेले, त्याचं तिने फार केलं नाही. नखं काळी पडली, तेही हसण्यावारी नेलं. पण “आज भाजी कोणती केलीत?” हे स्वतःच्या घरात परक्या बाईला विचारताना तिचा चेहरा उतरायचा.

एक काम तेवढं तिच्याकडे राहिलं होतं, आणि ते होतं माझ्या नाकात तूप घालण्याचं.

पहिल्या कोरोनात, सगळे घरात कोंडलेले असताना, तिला फोनवर कुणीतरी पाठवलं होतं की रोज सकाळी नाकात कोमट साजूक तूप सोडलं की आजार आत शिरत नाही. मी अर्थातच भाषण दिलं. विषाणू किती सूक्ष्म असतो, तूप त्याला कसं अडवणार, असलं सगळं. तिने वाटी हातात धरून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “झालं असेल तर डोकं मागे करा.” तेव्हापासून रोजचा शिरस्ता पडला. अंघोळ झाली की मी पलंगाच्या कडेवरून मान खाली टाकून उताणा पडायचो. ती औषधाच्या ड्रॉपरने दोन थेंब उजव्या नाकपुडीत, दोन डाव्या नाकपुडीत सोडायची आणि अंगठ्यांनी नाकाच्या दोन्ही बाजू हलक्या दाबायची. “उठू नका, शंभर मोजा.” मी साठावर उठायचो आणि ती म्हणायची, साठ झाले.

किमो सुरू झाल्यावर मी म्हटलं, आता राहू दे, तुझे हात थरथरतात. तर म्हणाली, “एवढं तरी करू द्या मला.” त्यानंतर मी तुपावर एक अक्षर बोललो नाही. सकाळच्या त्या पाच मिनिटांत ती पेशंट नसायची, पेशंट मी असायचो. मला ते फार बरं वाटायचं.

मे महिन्यात कोरोना पुन्हा बातम्यांत आला. नवीन व्हेरियंट, त्याचं ते अक्षरं-आकड्यांचं नाव, आणि टीव्हीवर जुनीच चित्रं. लोक फारसे घाबरले नव्हते, पण बोलायला विषय मिळाला होता. आमच्या बिल्डिंगखाली बाक आहे, तिथे संध्याकाळी पाच-सहा निवृत्त मंडळी बसतात. तळमजल्यावरचे एक गुजराती गृहस्थ आहेत, पूर्वी त्यांचं कापडाचं दुकान होतं, त्यांना सगळे शेठ म्हणतात. त्यांनी एका संध्याकाळी जाहीर केलं, “ये नया वेरियंट टेस्ट में आता ही नहीं. मेरे साले के पूरे घर को था. सब का निगेटिव. अब ये किट सब कचरे में डालो.”

मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

“शेठ, आपका साला टेस्ट किया कब? खांसी चालू हुआ उसी दिन?”

“तो कब करेगा? ठीक होने के बाद?”

मग मी त्यांना माझ्या हिंदीत सगळं समजावलं. माझं हिंदी हा वेगळाच आजार आहे, म्हणून इथे मराठीत सांगतो. विषाणू बदलतो तो मुख्यतः अंगावरच्या काट्यांमध्ये. घरी करायची ही पट्टी काटे बघतच नाही. ती शोधते ते त्याच्या आतलं एक प्रथिन, आणि ते फारसं बदलत नाही. म्हणून व्हेरियंट नवा असो की जुना, नमुन्यात पुरेसा असला तर पट्टी बहुतेक वेळा त्याला पकडते. घोळ असतो तो वेळेचा. आता सगळ्यांनी लस घेतलेली, एखाददोन वेळा आजार होऊन गेलेला. शरीर त्याला चटकन ओळखतं, घसा पहिल्याच दिवशी धरतो, पण नाकात तो भरपूर वाढायला अजून दोन-तीन दिवस लागतात. म्हणून पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली तर नाचायचं नाही, दोन दिवसांनी परत करायची, त्यानंतर दोन दिवसांनी आणखी एकदा.

शेठ शांतपणे म्हणाले, “आप लॅबवाले कभी मशीन की गलती नहीं मानोगे.”

“मशीन की नहीं होती, शेठ. हाथ की होती है.”

माझा आवाज चढला असावा, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बायको बघत होती. वर गेल्यावर म्हणाली, “जिंकलात ना? आता हात-पाय धुवा.”

त्याच आठवड्यात तिला सुक्या बोंबलाची आठवण झाली. किमोने जिभेची चव घालवलेली, जे खाईल ते तिला पत्र्यासारखं लागायचं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. सुका बोंबील तव्यावर भाजून, वर कच्चं तेल नि मीठ-मसाला, एवढं जरी मिळालं तरी भात जाईल, असं ती म्हणाली. तिने काही मागावं हेच मोठं होतं. मी स्टेशनवरून उत्तनकडे जाणारी बस पकडली आणि मुर्ध्याला उतरलो. तिथे रस्त्याच्या कडेला एक बाई सुकी मासळी घेऊन बसते. तिच्याकडची मासळी वाळूविना असते, हा माझा अनुभव. बाई शिंकत होती. मी जरा मागे सरकलो तर म्हणाली, “घाबरू नको रं दादा, मसाल्याची शिंक हाय. आजार-बिजार काय न्हाय.” मी बोंबील निवडले, थोडा जवळा घेतला. परतीच्या बसमध्ये दोन बायका खोकत होत्या. माझा मास्क खिशात होता, आणि तो खिशातच राहिला. कुणाकडून आलं हे मला माहीत नाही आणि त्या बाईवर मी आळ घेणार नाही. बायकोने त्या दिवशी दोन वेळा भात मागून घेतला.

सोमवारी माझा घसा खवखवला.

मी लगेच मास्क लावला आणि अंथरूण हॉलमध्ये आणलं. मेडिकलवाल्याकडून टेस्टची किटं आणली. तो म्हणाला, “अंकल, अब ये कौन लेता है?” मी पहिल्यांदा मुदतीची तारीख वाचली, मग घडीचं पत्रक वाचलं, मग सहा किटांचं खोकं घेतलं. घरी आल्यावर सगळं शिस्तीत मांडलं. बायको लांबून बघत होती. काडी एका नाकपुडीत पाच वेढे, दुसरीत पाच वेढे, नळीत घुसळणं, चार थेंब, आणि पंधरा मिनिटं घड्याळ लावून. एक रेघ. वरची, म्हणजे पट्टी ठीक चालते आहे हे सांगणारी. खालची, आजाराची, आली नाही.

“निगेटिव्ह,” मी म्हणालो. “पण हा पहिला दिवस आहे. परवा पुन्हा.”

बुधवारी पुन्हा केली. एकच रेघ. घसा थोडा बरा होता, नाक जरासं वाहत होतं. मी ती पट्टी खिडकीशी नेऊन उजेडात धरली, वाकडी करून बघितली. फिकट रेघ असली तर या डोळ्यांना दिसली असती. काहीच नव्हतं. मी स्वतःशी हिशेब मांडला की तिसरा दिवस आहे, असता तर आज दिसला असता, तेव्हा ही साधी सर्दी. संध्याकाळी मास्क काढला आणि आम्ही कित्येक दिवसांनी समोरासमोर बसून जेवलो. तिने सुक्या जवळ्याची चटणी केली होती, स्वतः, पाट्याशी बसून. मी तिला ओरडलो नाही.

म्हणजे जे मी चौतीस वर्षं इतरांना शिकवलं, ते मीच विसरलो. पट्टी म्हणत होती ‘आढळले नाही’, आणि मी माझ्या सोयीने वाचत होतो ‘नाही’.

एक गोष्ट सांगायची राहिली. या सगळ्या दिवसांत तूप चालूच होतं. सोमवारी मी म्हटलं होतं, आज नको, तुला माझी सर्दी लागेल. तर म्हणाली, “सर्दी झाली तेव्हाच तर तूप हवं. मी लावते की मास्क.” तिने मास्क लावला, माझा उतरवला, कारण मास्कमधून नाकात तूप घालता येत नाही. मी मान खाली टाकून पडलो होतो आणि ती माझ्यावर वीतभर अंतरावरून वाकली होती. तूप झाल्यावर मी चहा घ्यायचो, पेपर चाळायचो आणि मग टेस्ट करायला बसायचो. आधी का नाही? कारण सकाळी उठल्याउठल्या माझं नाक चोंदलेलं असतं. तुपाने ते मोकळं व्हायचं, काडी सरसर आत जायची. मला वाटायचं, वा, नमुना छान मिळाला.

शुक्रवारी तिसरी टेस्ट. पुन्हा एकच रेघ. मी पट्टी कचऱ्यात टाकली आणि दाढी करायला घेतली. दहाच्या सुमारास ती बाथरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. “अहो, मला थंडी वाजतेय.” बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. थर्मामीटर लावला, तर एकशे एक.

अर्ध्या गालाला साबण तसाच होता. मी तो टॉवेलने पुसला, फाइल घेतली आणि आम्ही रिक्षात बसलो. मीरा रोडच्या बाजूचं हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे. ती वाटेत एकच वाक्य बोलली. “चौथीची तारीख जाईल का हो?” मी म्हणालो, नाही जाणार.

हॉस्पिटलात त्यांनी तिचं रक्त घेतलं आणि नाकातला नमुना घेतला. सिस्टर केरळच्या होत्या, चाळिशीच्या, भराभर काम करणाऱ्या. तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली. दोन रेघा. मी ती पट्टी हातात घेऊन बघितली, जणू माझ्या बघण्याने त्यातली एक पुसली जाणार होती.

“अब आप आइए, अंकल.”

“मैंने सुबह ही किया है. निगेटिव है. मैं खुद लॅब में था.”

“अच्छा है. नाक ऊपर करो.”

त्यांनी काडी फिरवून बाहेर काढली आणि नळीत घालता घालता थांबल्या. दिव्याखाली धरली. कापसाचं टोक पिवळट आणि चकचकीत दिसत होतं.

“अंकल, नाक में क्या डाला है? तेल?”

“घी,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला, दोन-तीन वेळा नाक जोरात शिंकरायला लावलं, थोडा वेळ थांबवलं आणि नवीन काडी घेतली. या वेळी पंधरा मिनिटं लागली नाहीत. खालची रेघ वरच्या रेघेच्याही आधी उमटली, चांगली ठळक.

तिला ॲडमिट करून घेतलं. पांढऱ्या पेशी खूप खाली होत्या. मला तिथे थांबता येणार नव्हतं, म्हणून वसईहून तिची धाकटी बहीण आली आणि मी घरी येऊन दार लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली आणि सवयीने पलंगाच्या कडेला जाऊन बसलो. मग उठून किटं काढली. तीन उरली होती, त्याच खोक्यातली. एक टेस्ट कोरड्या नाकाने केली. दोन रेघा, ठळक. मग स्वयंपाकघरात जाऊन तूप कोमट केलं आणि स्वतःच्या हाताने नाकात सोडायला बघितलं. अर्धं कानाकडे गेलं, उशीला डाग पडला. रोजच्याएवढाच वेळ थांबलो, चहासुद्धा घेतला, आणि दुसरी टेस्ट केली. एक रेघ. खालच्या रेघेच्या जागी, पट्टी खिडकीत धरून, डोळे बारीक करून, आहे म्हटलं तर आहे आणि नाही म्हटलं तर नाही, अशी एक सावली. बुधवारी ती तेवढीही दिसली नसती.

एका माणसाच्या एका नाकावरून सिद्धान्त मांडायचा नसतो, हे मला कळतं. पण माझ्यापुरता प्रश्न मिटला होता. व्हेरियंटने मला फसवलं नव्हतं. पट्टीनेही नाही. काडीवर माझ्या नाकातलं तूप येत होतं आणि ज्याला शोधायचं तो त्या तुपाखाली आरामात बसला होता. आणि रोज सकाळी ते तूप सोडायला जी माझ्या तोंडावर वाकत होती, ती आता सलाइन लावून पडली होती. मला माझाच भयंकर राग आला. तो काढायला घरात कुणी नव्हतं. मी उशीचा अभ्रा धुतला, मग गादीची खोळही धुतली, मग उरलेल्या चादरीही धुतल्या.

चार दिवस मी फोनवर तिच्या बहिणीला छळलं. ताप किती, खाल्लं किती, आज पेशी किती. पाचव्या दिवशी ताप नव्हता आणि पेशी वर यायला लागल्या होत्या. आठवड्याने, आम्हा दोघांच्याही टेस्ट निगेटिव्ह आल्यावर, ती घरी आली. चौथी किमो दोन आठवडे पुढे गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, असं होतं, पण यापुढे शक्यतो चुकवू नका. त्या ‘शक्यतो’वर ती घरी येईपर्यंत विचार करत होती, हे मला रिक्षात तिच्या बोटांवर चाललेल्या मोजणीवरून समजत होतं.

घरी आल्यावर दोन दिवस ती मला काहीतरी विचारायला यायची आणि वेगळंच विचारून जायची. दूध आलं का, पंखा कमी करू का. सकाळी तुपाची वाटी काही बाहेर आली नाही आणि मीही विचारलं नाही. मनाशी मी एवढंच ठरवलं होतं की तिला हवं तेव्हा पुन्हा सुरू करू दे. घसा दुखला तर मी तिच्या जवळ जाणार नाही, आणि टेस्ट करायची तर ती उठायच्या आधी, कोरड्या नाकाने करीन.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा झाल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली.

“एक विचारते. खरं सांगाल?”

“विचार.”

“तुमच्या तिन्ही टेस्ट निगेटिव्ह का आल्या? त्या सिस्टर निघताना मला म्हणाल्या, टेस्टच्या आधी नाकात काही घालायचं नाही. म्हणजे घातलेलं असलं तर...”

हात मांडीवर पालथे ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. काळी पडलेली नखं, सलाइनच्या सुईचे निळे डाग. मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं की मी ‘हो’ म्हणालो तर अजून उरलेल्या तिन्ही किमो ती याच हातांना दोष देत घेईल, आणि गेलेले दोन आठवडे रोज मोजत बसेल. चौतीस वर्षांत मी एकाही रिपोर्टवर खोटं लिहिलेलं नाही. मला वाटलं होतं की खोटं बोलणं जड जाईल. अजिबात गेलं नाही.

“छे,” मी म्हणालो. “तुपाचा काय संबंध? नवीन व्हेरियंट होता. टेस्टमध्ये सापडतच नाही तो.”

ती माझ्याकडे वळली. “पण तुम्ही तर शेठशी एवढं भांडलात. पट्टीला सगळे सापडतात म्हणून.”

“चुकलो मी.”

हे शब्द तिने माझ्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मीही नव्हते. आणि चुकलो म्हणायची वेळ आली ती नेमकी ज्या गोष्टीत मी चुकलेलो नव्हतो तिच्याबद्दल. उद्या बाकावर शेठसमोरही हेच म्हणावं लागणार होतं. मी मान खाली घालून बसलो. मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तिने मोठा श्वास सोडला. किती दिवस तो तिने धरून ठेवला होता कुणास ठाऊक. मग तिचे खांदे सैल झाले आणि ती माझ्याकडे सरकली.

“अहो, असू द्या,” ती म्हणाली. “माणूस आहात, चुकतं कधीतरी. त्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत ती बराच वेळ माझी समजूत घालत राहिली.